मर्दगडी छाप

"वातीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. छाती पुढं काढ जरा."

कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात डोकं घालून तात्या हे कितव्यांदा तरी सांगत होते. समोर माझा धाकटा भाऊ भालू. डोक्याला लाल फेटा, डाव्या हातात पेटलेली उदबत्ती, उजव्या हातात सुतळी बाँब. त्याच्या मागं फ्रॉक घालून, दोन्ही कानांवर हात ठेवून मी. मी घाबरलेलं दिसायचं होतं आणि त्यानं घाबरलेलं दिसायचं नव्हतं. दुपारचे तीन वाजले तरी दोघांनाही आपापलं काम जमत नव्हतं.

वातीनं ठिणगी धरली की भालूचे डोळे गच्च मिटायचे, बाँब खाली पडायचा आणि हात आपोआप कानांवर जायचे. ते बघून मला हसू फुटायचं. की तात्यांची फिल्म वाया.

बाँब खोटा होता. फोटोसाठी म्हणून मुद्दाम बनवून घेतलेले दहा-बारा बाँब आले होते, आत दारूच्या जागी लाकडाचा भुसा. वातही नेहमीची नव्हती, लांब आणि सावकाश जळणारी होती. "फोटूवाल्याला घाई नको," असं देणाऱ्यानं हसत सांगितलं होतं. भालूला तर तात्यांनी एका बाँबची सुतळी सोडून आतला भुसा हातावर ओतून दाखवला. पण भीतीला काय भुसा कळतो? दिवाळीचे चार दिवस हे पोरगं तात्यांच्या डार्करूममध्ये दार लावून बसायचं. तिथं आवाज कमी यायचा.

ही बार्शीची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते, भालू साडेनऊचा, पण उंचीला माझ्याबरोबर. तात्यांचा 'माढेकर फोटो स्टुडिओ' घराच्या पुढच्या खोलीत होता. आयुष्यभर त्यांनी दोनच प्रकारचे फोटो काढले, फॉर्मला लावायचे आणि मुलाकडच्यांना पाठवायचे. दुसऱ्या प्रकारात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. देवीचे व्रण, ओठावरची चीर, एखादीचा तिरळा डोळा, सगळं ते ब्रशच्या दोन केसांनी पुसून टाकत. लग्न झाल्यावर नवरे भांडायला यायचे, तेव्हा आम्ही पोरं आत तोंड दाबून हसायचो.

तर त्या वर्षी गावाबाहेरच्या फटाक्यांच्या कारखान्याचे मालक, शिवलिंगअप्पा उंबरजे, स्वतः स्टुडिओत आले. त्यांनी 'मर्दगडी छाप' नावाचा नवा सुतळी बाँब काढला होता आणि त्याचं रंगीत पोस्टर त्यांना चार जिल्ह्यांतल्या दुकानांत लावायचं होतं. खालची ओळ त्यांनी स्वतःच जुळवली होती: 'मर्दगडी लावी वात, पोरींचे कानावर हात.'

तात्यांनी विचारलं की चित्र कसं हवं, तर अप्पा खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "हे बघा माढेकर, फटाके बाप घेत नाही. पोरगं घेतंय, बाप नुस्ता पैसे देतोय. पोस्टर बघून पोराला वाटलं पायजे, की ह्यो मीच. न्हाई घेतला तर मी बायल्या."

"आणि मुलगी कशाला? मुली तर फुलबाज्या घेतात."

"ती पायजेच की ओ. ती घाबरल्याशिवाय ह्यो मर्द दिसंल कसा?"

तात्यांना ते फार पटलं. मला आठवतं, दोन दिवस ते आईला हे वाक्य ऐकवत होते. आपलं काम छापून येणार, गावोगावी लागणार, याचं त्यांना लहान मुलासारखं झालं होतं. बाहेरची मुलं कशाला, आपल्या घरातच जोडी आहे, असं म्हणून त्यांनी आम्हाला उभं केलं.

आणि जोडी नेमकी उलटी निघाली. मी म्हणजे गावभर हुंदडणारी. चिंचेवर चढायचं, दगड मारायचे, डबड्याखाली लवंगी लावून डबडं उडवायचं, हे सगळं माझ्याकडं. भालू तात्यांजवळ बसून फोटोंना रंग भरायचा. साडेनऊ वर्षांचं पोर, पण गालावर लाली अशी उतरवायचा की तात्या हातातलं काम थांबवून बघत राहायचे. "माझ्यापेक्षा ह्याचा हात हलका आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. तर अशा पोराच्या हातात त्यांनी बाँब दिला होता, आणि ऊन उतरायला लागलं होतं, आणि अप्पांचा माणूस सोमवारी चित्र न्यायला येणार होता.

शेवटी तात्या फडक्याखालून बाहेर आले. घामानं चष्मा धुरकटला होता. मला आणि भालूला त्यांनी आळीपाळीनं बघितलं आणि मला म्हणाले, "कुमे, त्याचा सदरा-चड्डी घाल बघू. फेटा मी बांधतो."

मी तर टुणकन उडीच मारली. भालूला आधी कळलंच नाही. आई माझा दुसरा फ्रॉक आणि स्वतःचं गंगावन घेऊन आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नाही म्हणाला. रडला. आईलाही ते बरं वाटत नव्हतं, पण तात्या त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाला कळणार आहे का, भालू? हे आपल्या चौघांत. मी मेलो तरी बाहेर जाणार नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. फेट्याच्या घाईत मी कशालाही मान डोलावली असती.

मग दोन मिनिटांत काम झालं. मी बाँब वर धरला, वात तडतडली, मी तात्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. मागं गंगावन लोंबकळवून भालू खराखुरा घाबरला. तात्या फडक्यात नुसते हं, हं करत होते. तीन फोटो काढले आणि तिन्ही चांगले आले.

पुढचे दोन दिवस ते ब्रश घेऊन बसले. माझ्या टोचलेल्या कानांची भोकं बुजवली. भालूच्या डोळ्यांत काजळ घातलं, ओठ लाल केले. माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक लांबट व्रण आहे, लहानपणी तव्यावर हात पडला होता. वधूच्या फोटोत असता तर तात्यांनी तो पहिल्यांदा उडवला असता. इथं त्यांनी तो राहू दिला, उलट थोडा गडद केला. "मर्दगड्याला खूण शोभते," म्हणाले.

दसऱ्याला पोस्टर आलं. शिवकाशीहून छापून आलेलं, चकचकीत. चौकातल्या प्रत्येक दुकानात, एसटी स्टँडवर, शाळेसमोरच्या वहीवाल्याकडं, जिकडं बघावं तिकडं फेटा बांधलेली मी. आणि लोक काय म्हणायचे? "अरे, हा माढेकरांचा भालू! काय रुबाब आहे पोराचा!" आणि मग मला बघून, "आणि ही तू होय गं? केवढी घाबरलीयस! तोंड बघ कसं केलंय!"

पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही वाटली. पण अप्पांनी दुकानासमोर मांडव घालून भालूच्या गळ्यात हार घातला, फेटा बांधला, फटाक्यांची पेटी दिली, आणि मला शेजारी उभी करून फुलबाज्यांचा एक पुडा. "भिऊ नगं पोरी, ह्यो काय फुटत न्हाई," असं ते लाउडस्पीकरवरनं म्हणाले आणि अख्खा चौक हसला. शाळेत गुरुजींनी भालूला वर्गापुढं उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्या वर्गातल्या मुली माझ्यापुढं येऊन कानांवर हात ठेवून दाखवायच्या. मी, जिनं त्यांच्यासाठी झाडावरचे पतंग काढले होते, ती मी.

भालूचं काय होत होतं ते मी बघितलं नाही, असं म्हणणार नाही. बघत होते. त्याला हार घातला तेव्हा तो पोस्टरकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता. शाळेच्या रस्त्यावर पोस्टर लागलं म्हणून तो लांबच्या बोळातून जायला लागला. रात्री अंथरुणात एकदा मला म्हणाला, "ताई, ते किती दिवस राहतं गं भिंतीवर?" मी म्हणाले, दिवाळी झाली की पावसानं आपोआप जाईल. दिवाळीनंतर कुठला पाऊस? पण मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. माझा हार त्याच्या गळ्यात पडला होता ना.

मग मी सांगितलं. नलू ढगेला, आमच्याच आळीतल्या माझ्या मैत्रिणीला. तिनंही कानांवर हात ठेवून दाखवले, तेव्हा माझं डोकं फिरलं. तिला दंडाला धरून वहीवाल्याच्या दुकानासमोर नेलं, पोस्टरमधल्या मर्दगड्याच्या मनगटावर बोट ठेवलं आणि शेजारी माझं मनगट धरलं. नलूनं चार वेळा इकडून तिकडं बघितलं.

"मग ती मुलगी कोण?"

मी सांगितलं.

गळ्याची शपथ घातली तिला. पण शपथेनं गोष्ट पोटात राहती तर जगात भांडणंच झाली नसती. नलूनं तिचा भाऊ दिनूला सांगितलं. दिनू भालूच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला माहीत झालं होतं. मोठ्या माणसांपर्यंत ते गेलं नाही, पोरं आपल्या गोष्टी वर जाऊ देत नाहीत. पण पोरांनी अप्पांची ओळ बदलून घेतली. 'मर्दगडी लावी वात, भालूचे कानावर हात.'

बघा, कल्पना फार साधी होती, आणि अप्पांच्या ओळीपेक्षा ती जास्त चालली. स्टुडिओच्या दारावरून जाताना म्हणायचे. पाणी प्यायच्या टाकीवर म्हणायचे. भालूच्या दप्तरात कुणीतरी बांगड्या टाकल्या. त्याच्या पोस्टरवरच्या चेहऱ्याला, म्हणजे फ्रॉकवाल्या मुलीला, कोळशानं मिशा काढल्या. तो घरी येऊन काही सांगायचा नाही. पोट दुखतं म्हणून दोन दिवस शाळेला गेला नाही, ब्रश हातात घेऊन नुसता बसून राहिला. आई ओवा देत राहिली.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तिथं तो आला.

"ताई, तू सांगितलंस?"

मी त्याच्याकडं न बघता टॉवेल पिळला. "नाही बाबा. देवाशपथ."

"मग कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत? व्रणावरून ओळखलं असेल कुणीतरी."

त्यानं बादलीतला पुढचा कपडा माझ्या हातात दिला. मग "बरं" म्हणाला.

आता मला भीती वाटायला लागली. त्याची नाही, तात्यांची. आपल्या चौघांतलं बाहेर गेलं हे त्यांना कळलं तर माझी चामडी लोळवतील. म्हणजे हे मिटवायचं कसं, तर भालूनं पोरांचं तोंड बंद करायचं. माझं डोकं अशा कामात भराभर चालायचं. मी त्याला माळ्यावर नेलं. फोटोच्या वेळचे भुशाचे पाच बाँब तिथं एका डब्यात पडून होते.

"हे बघ," मी म्हणाले, "एकदा सगळ्यांसमोर हातात लावून फेकलास ना, की संपलं. परत कुणी ब्र काढणार नाही."

"मला नाही येणार."

"मी शिकवते की. चारच दिवस आहेत, पण येईल."

आणि शिकवलं. तात्या जेवून झोपले की दुपारी आम्ही परसात जायचो. आधी मी लावून दाखवला. मग त्याचा हात धरून. वात लागली की एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजायचं, सात म्हटलं की फेकायचं. लवकर फेकलास तर म्हणतील भ्याला. पहिल्या वेळी दोनला टाकला. मी चिडले, मागं तात्यांनी घेतला होता त्याहून कडक आवाज घेतला. डोळे उघडे ठेव. कानाकडं हात गेला तर बघ. दुसऱ्या वेळी चारपर्यंत थांबला. शेवटच्या बाँबला तो सातपर्यंत थांबला, डोळे उघडे ठेवून, आणि बाँब कुंपणापलीकडं जाऊन फुस्स करून विझला. तो माझ्याकडं वळला तेव्हा त्याचं सगळं तोंड हसत होतं. तसं हसताना मी त्याला त्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं. मलाही बरं वाटलं. खरंच सांगते, मला वाटलं की मी केलेलं मी निस्तरलं.

नरकचतुर्दशीला आंघोळी झाल्या, फराळ झाला, चांगलं लख्ख उजाडलं. साडेसातच्या सुमाराला पोरं मारुतीच्या देवळामागच्या मैदानात जमली होती. मी आणि भालू गेलो. त्याला बघून दिनूनं ओळ सुरू केली. दोघातिघांनी कानांवर हात ठेवून नाच केला. भालूनं खिशातून अप्पांनी दिलेल्या पेटीतला बाँब काढला आणि माझ्या हातातली उदबत्ती घेतली. पोरं गप्प झाली, चार पावलं मागं सरकली. दिनूसुद्धा सरकला.

मी जमिनीवर शेकड्यानं बाँब लावले होते. लावायचा आणि पळायचं. पळताना कोण मोजतंय? खरी सुतळी किती वेळात फुटते हे मला ठाऊक नव्हतं. हातात मी आयुष्यात धरले ते भुशाचेच. माढेकरांच्या घरातलंच पोर ही चूक करणार. दिनूला कुणी हातात धर म्हटलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, कारण त्याला खरा बाँब माहीत होता.

भालूनं हात वर केला. वात धरली. त्यानं माझ्याकडं बघितलं, वातीकडं नाही. एक म्हणाला. दोन म्हणाला. आवाज स्वच्छ होता. तीन.

चार त्यानं अर्धाच म्हटला.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच मला ते सांगता येतं. धूर होता. तो उभाच होता. रडतही नव्हता, आश्चर्यानं आपल्या मनगटाकडं बघत होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नव्हती. पोरं पळाली. दिनू पळाला नाही, तो जमिनीवर बसून ओकत होता. मी माझ्या नव्या परकरात भालूचा हात गुंडाळला आणि घरी पळाले, त्याला ओढत, आणि वाटेत तो काय बोलत होता तर, "सातपर्यंत थांबणार होतो मी. ताई, मी फेकला नाही ना मधेच?"

सोलापूरला न्यायला अप्पांचीच जीप आली. दवाखान्यात त्याला आत नेलं, आणि बाहेरच्या बाकावर आम्ही. आईचा पदर तोंडात. तात्या उभे. अप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते की पोरं आहेत, दरसाल कुठंतरी होतंच, खोक्यावर आम्ही स्पष्ट छापलंय की हातात धरू नये. ते खरं होतं. खोक्याच्या खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं. वरच्या बाजूला पोस्टरचंच चित्र होतं, मी बाँब हातात धरून उभी.

संध्याकाळी भालूला शुद्ध आली. तात्यांनी त्याच्या कपाळावरचे केस मागं केले आणि विचारलं, "हातात धरायला कुणी सांगितलं रे तुला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी होते.

भालू म्हणाला, "कुणी नाही. पोस्टर बघून."

तात्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी परत कधी ऐकला नाही, ऐकायची इच्छाही नाही. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. "मी केलं. मी माझ्या हातानं केलं." आई त्यांना धरायला गेली. जाताजाता मला बघितलं, मी थरथरत होते, तर अप्पांना म्हणाली, "हिला आधी घरी पाठवा कुणाबरोबर तरी. पोरगी घाबरलीय बिचारी."

घाबरले होतेच. पण कशाला, ते कुणी विचारलं नाही. अप्पांच्या ड्रायव्हरनं मला पुढच्या सीटवर बसवून बार्शीला आणलं, वाटेत एका फाट्यावर केळं घेऊन दिलं. मी ते खाल्लं.

तात्यांनी त्या तिन्ही निगेटिव्ह जाळल्या. पोस्टर मात्र पुढची सहा वर्षं छापलं जात होतं, ते आता अप्पांचं होतं. स्टुडिओ चालू राहिला, पण फॉर्मच्या फोटोंपुरता. रंगाच्या बाटल्या वाळून गेल्या. भालू डाव्या हातानं लिहायला शिकला, पास होत गेला, नगरपालिकेत कारकून झाला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. ब्रश त्यानं परत हातात घेतला नाही. आणि तात्या? दर दिवाळीला पहिल्या आंघोळीनंतर ते भालूपुढं येऊन बसायचे, त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि बसून राहायचे. पंचावन्न वर्षांच्या माणसापुढं ऐंशीचा बाप. मी माहेरी असले की स्वयंपाकघरात निघून जायचे, चकल्या मोजायचं निमित्त करून.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. लग्नाआधी ठरवलं, पहिल्या बाळंतपणात ठरवलं, तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तर गाडीत बसून आलेही होते. दर वेळी वाटायचं, आता एवढ्या वर्षांनी कशाला जखम उकरायची. खरं म्हणजे जखम माझी उकरली गेली असती, त्यांची बरी झाली असती. पण स्वतःला फसवायला माणसाला गुरू लागत नाही.

तात्या गेल्या पौषात गेले. दहाव्याचं आटोपून सगळे पांगले, भालू आणि मी ओट्यावर बसलो होतो. तो डाव्या हातानं चहा बशीत ओतत होता. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम बोलून गेले. नलूचं, व्रणाचं, खोट्या शपथेचं. तो चहा ओततच राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "दिनूनंच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू खरं सांगतेस का बघावं म्हणून."

"आणि तरी माझ्याकडून बाँब शिकलास?"

"दुसरं कोण शिकवणार होतं?" तो सहज म्हणाला. बशी खाली ठेवली. मग माझ्याकडं वळला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या आवाजात राग ऐकू आला.

"दवाखान्यात मी तुझं नाव घेतलं नाही, कारण मला वाटलं तू आता बोलशील. आत्ता बोलशील, घरी गेल्यावर बोलशील. माझं जाऊ दे गं. तात्यांना तरी सांगायचं होतंस. शेवटच्या दिवशीसुद्धा ते माझा हात सोडत नव्हते."

तात्यांना जाऊन दहा दिवस झाले होते.